डाव्या बाजूला उशिरा वळते

पंचबाईंच्या तोंडातली शिट्टी सुटून नऊ वर्षं झाली होती, पण नाव काही सुटलं नव्हतं. एकोणीस वर्षं त्यांनी मुलींच्या हॉकीचे सामने चालवले. मग उजव्या गुडघ्याने एकदाचा संप पुकारला, डॉक्टरांनी धावायला मनाई केली आणि बाई सार्वजनिक तरणतलावाच्या तिकीट-खिडकीत येऊन बसल्या. तिकीट फाडायचं, कपाटाची किल्ली द्यायची, ओल्या केसांनी बाहेर पडणाऱ्यांकडून ती परत घ्यायची. हाताला काम होतं, डोळ्यांना नव्हतं, आणि बाईंचे डोळे स्वस्थ बसणाऱ्यांतले नव्हते. सुट्टीच्या दिवशी त्या डबा घेऊन कुठल्या तरी मैदानावर जायच्या आणि ज्या सामन्यांना खेळाडूंच्या आयासुद्धा फिरकत नाहीत असे सामने शेवटपर्यंत बघायच्या.

नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा. तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "आमच्या हिला आमटीत मीठ नाही हे कळत नाही, पण शंभर पावलांवरच्या पोरीचा अंगठा दुखतोय हे बरोबर कळतं."

या डोळ्यांना कामाला लावलं ते भाचीने. बहिणीची ही मुलगी कंप्यूटरवर नोकरी करायची आणि ऑफिसातल्या मंडळींबरोबर फॅन्टसी लीग खेळायची. तिने मावशीला खेळ समजावून सांगितला. हंगाम सुरू झाला की प्रत्येकाने फोनवर आपला अकरा जणींचा संघ निवडायचा. खऱ्या मैदानात त्या मुली जशा खेळतील तसे आपल्याला गुण. पण नावाजलेल्या खेळाडू महाग पडतात, दोन-चार घेतल्या की वाट्याला आलेली थैली रिकामी. म्हणून खरी चुरस असते ती कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या मुली हेरण्यात.

"म्हणजे बाकावर बसलेल्या," पंचबाई म्हणाल्या.

"तेच तर. आणि बाकावरच्या मुली तुझ्याइतक्या कोण बघतं, मावशी?"

अशी 'बाकावरची यादी' सुरू झाली. दर गुरुवारी संध्याकाळी बाई वहीतली आठ-दहा नावं, प्रत्येकीपुढे एक-दोन ओळी, अशी फोनवर भाचीला वाचून दाखवायच्या. शुक्रवारी सकाळी ती यादी लोकांच्या फोनवर जायची. पहिल्या वर्षी चाळीस जण वाचायचे, चौथ्या वर्षी अकरा हजार. बाईंच्या ओळी लोकांना आवडायच्या, कारण त्यांत गूळ लावलेला नसायचा. 'पायात भिंगरी आहे, डोक्यात नाही.' 'पास चांगला देते, पण ओरडल्याशिवाय देत नाही.' एकच नियम त्यांनी पाळला होता: दिसलं ते लिहायचं, न दिसलेलं लिहायचं नाही. पंच असतानाही त्यांचा हाच नियम होता, आणि त्यापायी त्यांनी दोनदा शिव्या आणि एकदा चप्पल खाल्ली होती.

कडी त्यांना सापडली ती पंधरा वर्षांची असताना. उसवलेल्या टर्फवर दोन शाळांचा सामना होता आणि एका गोलात ही पोर उभी होती. पायांचे पॅड तिच्यापेक्षा वीतभर मोठ्या कुणाचे तरी, मागून नाडीने करकचून आवळलेले. पंचबाई पाच मिनिटं बघत राहिल्या आणि मग डबा बाकावर ठेवून गोलच्या जाळीमागे जाऊन उभ्या राहिल्या. समोरची मुलगी चेंडू मारण्याआधीच हिचा पाय निघालेला असायचा. त्या आठवड्याच्या यादीत त्यांनी लिहिलं, 'चेंडू निघण्याआधी हिला निरोप पोचतो.' मैत्रिणी तिला कडी म्हणायच्या. एकदा लागली की दार उघडत नाही.

यादीतली ती ओळ एका मोठ्या संघाच्या प्रशिक्षकाने वाचली. त्याच वर्षी कडी त्या संघात गेली, पण गोलात नव्हे, बाकावर. गोलात संघाची जुनी गोलकीपर होती, तिला सगळे मोठी म्हणायचे. मोठी ना आजारी पडायची, ना दमायची. तीन हंगाम कडीने तिच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या. पंचबाईंनी मात्र तिचं नाव यादीतून काढलं नाही. वाचणारे चेष्टा करायचे, "बाई, ही तुमची कडी गंजली हो!" बाई पुढच्या शुक्रवारी तिचं नाव पुन्हा घालायच्या.

मग चौथ्या हंगामात, निम्मे सामने झाले असताना, सरावात मोठीचं बोट मोडलं. कडी गोलात उभी राहिली आणि पहिल्या दोन सामन्यांत तिने एकही चेंडू आत जाऊ दिला नाही. ज्यांनी यादीवर भरवसा ठेवून तिला फुकटात घेऊन ठेवलं होतं त्यांना घबाड मिळालं. अकरा हजार लोकांनी पंचबाईंना डोक्यावर घेतलं. तरणतलावाच्या खिडकीत बाई त्या आठवड्यात उगाचच गुणगुणत होत्या. नवऱ्याने विचारलं, "काय, आज किल्ल्या गात गात वाटल्यास वाटतं?" त्यावर त्या लाजल्या. कडीची आई बिस्किटांच्या कारखान्यात पाळीवर होती, तिला सामन्याला यायला जमायचं नाही. कडीचं कौतुक करायला हक्काचं असं मैदानावर जे कोणी होतं, ते म्हणजे बाईच. आणि खरं सांगायचं तर त्यांना ते कौतुक स्वतःचंही वाटत होतं.

तिसऱ्या सामन्यात त्यांना ती मान दिसली.

एकोणीस वर्षं गोलरेषेजवळ उभं राहिलेल्या माणसाला गोलकीपरची मान पाठ असते. चांगल्या गोलकीपरचे डोळे फिरतात, मान जागची हलत नाही. कडीची मान फिरत होती. चेंडू डाव्या बगलेला गेला की गाडी मागे घेणाऱ्या ड्रायव्हरसारखी ती अख्खी वळत होती आणि मग चेंडू मध्ये येताना तिला पुन्हा सरळ व्हावं लागत होतं. चेंडू अडला, पण निरोप उशिरा पोचला होता. मध्यंतरात एका मुलीने डावीकडून पाण्याची बाटली पुढे केली. कडी समोर बघत राहिली. मुलीने खांद्याला हात लावला तेव्हा दचकून तिने बाटली घेतली.

पण बाईंनी स्वतःला बजावलं, एकदा दिसलेलं खरं नसतं. चौथ्या सामन्याला त्या गोलमागे जाऊन उभ्या राहिल्या. तेच. सामना संपल्यावर खेळाडूंच्या खोलीबाहेर हात धुवायचे नळ होते तिथे त्या गेल्या. कडी तोंड धूत होती. बाईंनी टॉवेल उचलला आणि तिच्या डाव्या बाजूला, खांद्याच्या रेषेत, धरून उभ्या राहिल्या. कडी चाचपडत होती. "टॉवेल कुठे गेला?" म्हणत तिने उजवीकडे बघितलं, खाली बघितलं.

"हा काय," बाई म्हणाल्या.

कडी गर्रकन वळली. टॉवेल नाकासमोर होता.

"कधीपासून?" बाईंनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"मला शेंड्या लावू नकोस. केव्हाची टॉवेल धरून उभी आहे मी."

कडीने नळ बंद केला. आजूबाजूला कोणी नाही हे बघितलं. "उन्हाळ्यापासून असेल. आधी वाटलं चष्मा लागला. दाराच्या चौकटीला खांदा लागतो सारखा. चहा ओतताना कपाबाहेर जातो."

"दुखतं?"

"नाही ना! दुखलं असतं तर गेले असते डॉक्टरकडे."

"आईला माहितेय?"

"आईला कळलं तर ती आजच्या आज पॅड उतरवेल माझे. बाई, ऐका ना. सहा सामने राहिलेत. सहाच. मग मोठीचं बोट जुळतं आणि मी परत बाकावर. तीन वर्षं मी बाटल्या भरल्यात. हे सहा मला खेळू द्या, सहावा झाला की दुसऱ्याच दिवशी तुम्ही सांगाल त्या डॉक्टरकडे येते. आईशप्पथ."

"आणि चेंडू लागला डोळ्याला म्हणजे?"

"हेल्मेट असतं की." ती हसायला गेली, पण ते हसू काही जमलं नाही. "कुणाला सांगू नका. तुम्ही मला पहिल्यांदा पाहिलंत. तुम्हीच मला घालवू नका."

पंचबाईंनी टॉवेल तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "सहा. त्यावर एक नाही."

घरी जाताना बसमध्ये त्यांनी स्वतःला समजावलं की पोरीचा जीव राखला. पण त्या पंच होत्या, आणि पंचाला स्वतःशी खोटं बोलायची सवय नसते. पोरीची दया आली होती हे खरं. पण चार वर्षं जिच्या नावावर लोकांशी पैज लावली ती आता कुठे फळली होती, आणि ती आपल्याच हाताने खुडायची नव्हती, हेही खरंच. दया किती आणि हौस किती, हे काही त्यांना निवडता येईना.

पुढचे दोन सामने निभावले. एकात तर कडीने पेनल्टी कॉर्नरवर असा चेंडू अडवला की मैदान उभं राहिलं. पण ते सगळं उजवीकडचं होतं. डावीकडून एक गोल झाला, आणि तो बचावातल्या मुलीच्या चुकीवर खपून गेला.

शुक्रवारच्या यादीखाली लोक विचारू लागले, "कडीला ठेवू ना, बाई?" पहिल्या आठवड्यात बाईंनी कडीबद्दल काही लिहिलंच नाही. दुसऱ्या आठवड्यात भाचीने फोनवर विचारलं, "मावशी, सगळ्यात जास्त प्रश्न कडीवर आहेत आणि तू तिच्यावर चकार शब्द काढत नाहीस. काही पाहिलंस का?"

"काय पाहणार?"

"तू गप्प बसलीस की लोकांना कळतं. अकरा हजार माणसं तुझ्या डोळ्यांनी बघतात. त्यांना असं अंधारात ठेवायचं?"

'अंधारात' हा शब्द बाईंना लागला. मनाला तसंही दोन आठवडे खातच होतं. शब्द पाळावा तर वाचणाऱ्यांशी बेइमानी, लिहावं तर पोरीशी. इकडे आड, तिकडे विहीर. मग त्यांनी दोन्हींच्या मधून जायची वाट काढली. अशा वाटांवर माणूस सहसा तोंडावर पडतो, पण हे त्या वेळी सुचत नाही. डोळ्याचं नाव काढायचं नाही, फक्त खेळातलं दिसलेलं लिहायचं. गुरुवारी संध्याकाळी त्यांनी भाचीला वाचून दाखवलं:

'कडी: हात अजून सोन्याचे. डाव्या बाजूला उशिरा वळते. ज्यांच्याकडे दुसरी गोलकीपर आहे त्यांनी या आठवड्यात हिला विश्रांती द्यावी.'

"बस, एवढंच हवं होतं," भाची म्हणाली.

ही यादी फोनवर संघ खेळवणारेच वाचतात असं बाई धरून चालल्या होत्या. चार वर्षांपूर्वी हीच यादी वाचून एका प्रशिक्षकाने कडीला उचललं होतं, हे त्यांना आठवायला हवं होतं. रविवारी ते आठवलं.

सामना सुरू झाल्यावर दहा मिनिटांतच बाईंना कळलं. समोरचा संघ कडीच्या उजव्या अंगाने येतच नव्हता. प्रत्येक चाल कडीच्या डावीकडून. चेंडू डावीकडे घ्यायचा, तिला मान वळवायला लावायचं आणि तिथून चटकन मध्ये ढकलून गोल. पहिला गेला. दुसरा गेला. पेनल्टी कॉर्नर मिळाला तेव्हा त्यांच्या मुलीने सरळ कडीच्या डाव्या खांद्यावर फ्लिक मारली. कडीने हात उचलला तेव्हा चेंडू जाळीत होता. बाई गोलच्या मागे, जाळीपासून पाच पावलांवर उभ्या होत्या. हेल्मेटच्या आतून कडीचा श्वास ऐकू येत होता. मध्यंतरात तिने एकदा मागे वळून बघितलं. तिने ओळ वाचलेली होती. बाईंना ते तिच्या नजरेवरून कळलं. त्या काही बोलणार तोवर ती फिरली.

उत्तरार्धात आणखी दोन गोल झाले. शेवटचा तिच्या डाव्या पायाजवळून अगदी सावकाश गेला. बघणाऱ्यांत हशा पिकला. तिला खरंच दिसला नव्हता.

बाहेर पडताना समोरच्या संघाचा सहायक प्रशिक्षक बाईंना भेटला. सज्जन माणूस, त्याने हात जोडले. "तुमची यादी आम्ही कधी चुकवत नाही हं, बाई. तुमच्या एका ओळीने आमची आठवड्याची मेहनत वाचली."

पंचबाईंनी मान हलवली. त्या बस थांब्यापर्यंत गेल्या, बस आली, तिच्यात चढल्या नाहीत. पुढची आली, तिच्यातही नाही.

सोमवारी लोकांनी कडीला फाडून खाल्लं. ज्यांनी यादीचं न ऐकता तिला ठेवलं होतं आणि गुण घालवले, ते जास्त चवताळले. कुणी तिच्या फोटोवर डोळ्यांना पट्टी काढली. ती गंमत होती, काढणाऱ्याला काय माहीत! आणि यादीचं काय झालं? यादीचा बोलबाला झाला. भाचीने सांगितलं की एका दिवसात दोन हजार नवे लोक जोडले गेले. "मावशी, सगळे म्हणतायत बाईंनी आधीच ओळखलं होतं." तिच्या आवाजात आनंद होता. मावशी पलीकडून काहीच बोलेना, तेव्हा तिने विचारलं, "काय झालं?" तेव्हा कुठे पहिल्यांदा बाईंनी टॉवेलची गोष्ट कुणाला तरी सांगितली. भाची म्हणाली, "हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

मंगळवारी संघाच्या व्यायाम-शिक्षिकेने कडीला उजवा डोळा झाकायला लावला आणि बाजूला धरलेली बोटं मोजायला सांगितली. कडीने चुकीची मोजली. त्याच दुपारी तिला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं.

तिथे काय झालं ते बाईंना शुक्रवारी कळलं. तरणतलावावर दुपारी चारची पाळी सुरू व्हायची होती, खिडकीसमोर रांग होती. रांगेत एक बाई उभी होती. अंगाला बिस्किटांचा गोडसर वास, केसांवर कारखान्यातली जाळीची टोपी, ती काढायचीसुद्धा राहून गेलेली. तिची पाळी आली तेव्हा पंचबाईंनी सवयीने विचारलं, "किती तिकिटं?"

"मी कडीची आई."

बाईंचा हात किल्ल्यांच्या फळीवर तसाच राहिला.

"काचबिंदू आहे म्हणाले," आई म्हणाली. "मी म्हटलं, तो तर म्हाताऱ्यांना होतो. तर म्हणे कोवळ्या वयातही होतो, घराण्यातून येतो. माझे वडील आंधळे होऊन गेले, आम्ही म्हणायचो वयाने गेले. डाव्या डोळ्याला आता नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसतं. गेलेलं परत येत नाही. उजव्यालाही लागण झालीय. ऑपरेशन करतील, थेंब घालायचे जन्मभर."

"मी..." पंचबाई म्हणाल्या.

"थांबा. ती म्हणते तुम्हाला वीस दिवस आधी कळलं होतं. खरं?"

"खरं."

"मी डॉक्टरांना विचारलं, वीस दिवसांनी काय फरक पडला असता? ते म्हणाले, फारसा नाही. मला बरं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, ते मला कसं कळणार?" तिचा आवाज चढला नव्हता. मागचे लोक किल्ल्यांसाठी चुळबुळत होते. "तुम्ही गप्प बसलात ते मी समजू शकते. पोरीने हातापाया पडून घेतलं असेल, ती तशीच आहे. पण बोलायचं ठरवलंत तेव्हा कुणाला सांगितलंत? मला नाही, डॉक्टरला नाही, तिच्या संघाला नाही. जगाला सांगितलंत. अकरा हजार लोकांना कळलं माझ्या पोरीला डावीकडचं दिसत नाही, आणि मी कारखान्यात पुडे भरत होते."

आई वळली आणि गेली. मागच्या माणसाने दोन तिकिटं मागितली. बाईंनी त्याला तीन किल्ल्या दिल्या.

घरी नवऱ्याने सगळं ऐकलं. हातातलं मशीनचं चाक त्याने खाली ठेवलं. तो मायेचा माणूस होता आणि बायकोचं दुःख कमी करायचा त्याला एकच मार्ग ठाऊक होता, चांगली बाजू दाखवायची. "हे बघ," तो म्हणाला, "तू ती ओळ लिहिलीस म्हणून पाच गोल झाले. पाच गोल झाले म्हणून तपासणी झाली. नाही तर पोरीने आणखी वर्षभर लपवलं असतं आणि उजवाही गेला असता. तू तिचा एक डोळा वाचवलास."

"ओळ मी त्यासाठी लिहिली नव्हती हो," त्या म्हणाल्या.

तो पुन्हा तसं बोलला नाही. पण दुसरे बोलले, भाची बोलली, मैदानावरचे जुने पंच बोलले. प्रत्येक वेळी बाईंना तो सावकाश गेलेला चेंडू आणि हशा आठवायचा.

पुढच्या गुरुवारी भाचीचा फोन आला तेव्हा बाईंनी एकच मजकूर दिला. त्यात लिहिलं होतं की कडी आजारी आहे हे आपल्याला ठाऊक होतं, ते जिथे सांगायला हवं तिथे सांगितलं नाही आणि जिथे सांगायला नको तिथे अर्धं सांगितलं. तिच्यावर हसणाऱ्यांनी आपल्यावर हसावं. यादी आज बंद. आजाराचं नाव लिहिलं नाही. त्यासाठी आधी कडीच्या घरी निरोप पाठवून विचारलं होतं, आणि 'लिहू नका' एवढं दोन शब्दांचं उत्तर आलं होतं. तेरा हजार लोकांपैकी काहींनी बाईंची बाजू घेतली, काहींनी शिव्या दिल्या, आणि बहुतेकांनी पुढच्या शुक्रवारपर्यंत दुसरी कुठली तरी यादी धरली.

त्यांनी आणखी एक काम केलं. ओळखीच्या सगळ्या संघांना आणि शाळांना पत्रं घातली की लहान गोलकीपरांचे डोळे दरवर्षी तपासून घ्या. सव्वीस पत्रं गेली, तीन उत्तरं आली. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने लिहिलं होतं, 'सूचनेबद्दल आभार. आमच्या शाळेत सध्या हॉकी नाही.'

कडीचं ऑपरेशन झालं, आधी उजव्या डोळ्याचं, मग डाव्याचं. बाईंनी दोनदा निरोप पाठवला, भेटायला येऊ का म्हणून. एकदा उत्तर आलं नाही. एकदा 'नको' आलं. सुट्टीच्या दिवशी त्या मैदानावर जाईनाशा झाल्या. डब्यात पोळी-भाजी भरून घ्यायच्या आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्या राहून तीच खायच्या. नवरा बघायचा आणि मशीनला तेल घालायचा.

आठ महिन्यांनी एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. कडीची आई होती. नमस्कार-चमत्कार नाही.

"गुरुवारी तिची तपासणी आहे दहाला. दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब घालतात, मग तीन-चार तास धड दिसत नाही, एकटीला येता येत नाही. मला पाळी बदलून मिळत नाही. धाकट्याची परीक्षा आहे. तुम्ही जाल तिच्याबरोबर?"

"जाईन," बाई म्हणाल्या. मग विचारलं, "ती येईल माझ्याबरोबर?"

"तिला विचारूनच फोन केलाय." पलीकडे थोडा वेळ यंत्रांचा आवाज येत राहिला. "मी अजून विसरलेले नाही. पण दुसरं कुणी सुचलं नाही."

गुरुवारी बाईंनी रजा टाकली. दवाखान्यातल्या बाकड्यावर कडी आधीच बसली होती. केस कापले होते, अंगाने भरली होती. बाई तिच्या उजव्या बाजूला बसल्या, मध्ये एक जागा सोडून. परिचारिकेने येऊन थेंब घातले, दहा मिनिटांनी परत घातले. कडी डोळे मिटून मागे टेकली. बाईंनी पिशवीतून रुमाल काढून तिच्या उजव्या हाताशी ठेवला. तिने गालांवर ओघळलेलं पुसलं.

"शिकतेस काही?" बाईंनी विचारलं.

"कॉलेज. जाते." मग डोळे मिटलेलेच, "तुम्ही यादी बंद केलीत."

"हो."

"माझ्यासाठी नका म्हणू. मला त्याचं काही नाही."

"तुझ्यासाठी नाही. माझ्यानेच होईना."

समोर एक म्हातारे गृहस्थ मुलाला विचारत होते की आपला नंबर गेला तर नाही ना. मुलगा प्रत्येक वेळी न कंटाळता नाही म्हणत होता.

"मला शब्द दिला होतात तुम्ही," कडी म्हणाली. "तो द्यायलाच नको होता. मी कितीही रडले असते तरी. मी अठराची होते, तुम्ही नव्हता."

"खरं आहे."

"आणि दिलात तर मोडायचा नव्हता. आणि मोडायचाच तर आईकडे मोडायचा." ती हे आधी कुणाला तरी, किंवा स्वतःला, पुष्कळदा म्हणून दाखवल्यासारखं म्हणाली. तिचा राग जुना झाला होता, गेला नव्हता.

"मला माफ कर असं म्हणणार नाही मी," बाई म्हणाल्या. "तुला जे वाटतं ते बरोबर आहे."

कडीने रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मोठी आता खेळत नाही, ऐकलं. एक नवी मुलगी आहे गोलात. पाहिलीत?"

"मैदानावर जात नाही मी. एकदा टीव्हीवर पाहिली, पंधरा मिनिटं."

"कशी आहे?"

पंचबाईंना वाटलं, थाप मारावी. साधी, मऊ थाप. मग त्यांनी मारली नाही. "पायांनी तुझ्यापेक्षा चांगली आहे. हातांनी नाही. आणि घाबरते. पेनल्टी कॉर्नरला टाच मागे घेते."

कडीच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "टाच मागे घेतली की खालचा चेंडू जातोच."

"दोन गेले."

"सांगायला हवं कुणीतरी तिला."

"हो," बाई म्हणाल्या. "तिला."

आतून कडीच्या नावाचा पुकारा झाला. ती उठली. फुगलेल्या बाहुल्यांमुळे खिडकीतलं ऊन तिला सहन होईना. तिने एक हात डोळ्यांवर धरला आणि दुसरा पुढे केला. बाईंनी तिचं कोपर धरलं आणि चौकटीला खांदा लागू न देता तिला आत नेलं.